कारियातलं एक काळं मत

नातवाचं नाव लेआंद्रोस ठेवायचं घाटतंय, हे स्तामातिस कानावोसला सगळ्यांच्या शेवटी कळलं, आणि तेही बहिणीच्या तोंडून.

शुक्रवारची सकाळ होती. मळ्याच्या खालच्या अंगाला, शेणाने सारवलेल्या खळ्यांवर काळी बारीक द्राक्षं वाळत पसरली होती. अजून चार दिवस ऊन मिळालं असतं तर माल गलबतावर चढला असता. स्तामातिस खाडीपलीकडच्या डोंगरांवर ढग दिसतोय का ते बघत उभा होता, तेवढ्यात पागोना खेचरावरून उतरली. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं, आणि दोन्ही भावांच्या घरची बातमी इकडची तिकडे नेणं हा तिचा संसार होता.

"दादा, तुला वाईट नाही ना वाटलं?" तिने आल्या आल्या विचारलं.

"कशाचं?"

"म्हणजे थानोसने तुला सांगितलं नाही?" पागोनाने तोंडावर पदर धरल्यासारखं रुमालाचं टोक धरलं. "जाऊ दे. मी काही बोललेच नाही."

"पागोना, खेचरावर बसून दोन कोस आलीस ती न बोलायला का?"

मग तिने सांगितलं. उद्या बाळाचा बाप्तिस्मा. धर्मबाप म्हणून धाकटा भाऊ लेआंद्रोस उभा राहणार, हे तर आधीपासून ठरलंच होतं. पण बाळाचा बाप थानोस आणि त्याच्या सासरच्यांनी मिळून असं ठरवलं होतं की नावही लेआंद्रोसच ठेवायचं. लेआंद्रोसचं लग्न झालं नाही, त्याला मूल नाही. उद्या देशाचा पंतप्रधान होणाऱ्या माणसाचं नाव घराण्यात चालायला नको का?

"आणि आजोबाचं नाव?" स्तामातिसने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"तेच मी म्हटलं बाई. पहिला नातू म्हणजे आजोबाचंच नाव, जग जन्मल्यापासूनची रीत आहे. तर थानोस म्हणतो, बाबा समजून घेतील. बाबांनी काकांसाठी एवढं केलं, हे काय जड आहे त्यांना?"

स्तामातिसने वाकून मूठभर द्राक्षं उचलली, दाबून बघितली, परत टाकली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने भावासाठी काय केलं नव्हतं? बाप गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मळे त्याने अंगावर घेतले आणि लेआंद्रोस आधी अथेन्सला आणि मग पॅरिसला कायदा शिकायला गेला. बारा वर्षांपूर्वी पात्रा शहरातून पक्षाची तीन माणसं निवडणुकीचं विचारायला आली, ती स्तामातिसकडे आली होती. त्यांना खुर्चीवर बसवायचा होता तो स्तामातिस. हाच म्हणाला होता, "मला भाषण जमत नाही. माझ्या भावाला घ्या, तो कायदा जाणतो." ही गोष्ट आता त्या तिघांनाही आठवत नसेल. दोघे तर मेलेच होते.

त्यानंतर लेआंद्रोस मंत्री झाला. निवडणुकीत, मतदान व्हायचं त्या चर्चच्या दारात शिपाई उभे करायच्या हुकमावर सही करायला त्याने नकार दिला, खुर्ची सोडली, आणि तेव्हापासून देशभरचे तरुण वकील, दुकानदार, छापखानेवाले त्याच्यामागे लागले. राजाने आता जाहीर केलं होतं की संसदेत ज्याच्यामागे बहुमत, त्यालाच सरकार बनवायला बोलावीन. परवाच्या निवडणुकीत लेआंद्रोसचा पक्ष जिंकणार, असं सगळे म्हणत होते. फक्त लेआंद्रोस स्वतः इथून, पेत्रोलिमानीतून, निवडून यायला हवा होता. सेनापतीच पडला तर फौज पांगायला किती वेळ?

आणि पेत्रोलिमानीत तो निवडून यायचा तो डोंगरातल्या गावांच्या जिवावर. त्या गावांत स्तामातिसने तीस वर्षांत तीनशेच्या वर पोरं बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलली होती. तीनशे घरांचा तो धर्मबाप होता. कुणाचा खटला, कुणाची सोयरीक, कुणाच्या पोराची लष्करातून सुटका. सगळं त्याच्या दारातून जायचं. लेआंद्रोसची स्वच्छ निवडणूक, लेआंद्रोसचे स्वच्छ हात! ते हात धुवायला पाणी कोण आणत होतं?

पागोना गेल्यावर त्याने लिआसला हाक मारली. लिआस त्याचा मुकादम; निवडणुकीच्या आधी दर वेळी तोच डोंगरात निरोप घेऊन जायचा, आणि निरोप दर वेळी एकच असायचा : उजवीकडे, पांढरं, म्हणजे लेआंद्रोसच्या बाजूने.

"निघालो, धनी," लिआस म्हणाला. "नेहमीचंच ना?"

"नाही. या खेपेला सांग, ज्याला जसं मनाला येईल तसं टाका."

लिआसने टोपी काढली, परत घातली. "एवढंच सांगू?"

"एवढंच."

स्तामातिसला ठाऊक होतं की डोंगरातली माणसं अर्ध्या शब्दात समजतात. ज्याने बारा वर्षं पांढरं म्हटलं तो गप्प बसला, तर त्याचा अर्थ काळं. आपण कुणाला काही वाईट सांगितलेलं नाही, हे त्याने स्वतःला दोनदा बजावलं.

*

शनिवारी लेआंद्रोस आगबोटीने उतरला तेव्हा धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अथेन्सच्या वर्तमानपत्रांचे दोन बातमीदारही त्याच्याबरोबर होते. तो उंच, किडकिडीत, एकोणपन्नासाव्या वर्षीच पांढरा झालेला माणूस. गर्दीत त्याला नेहमी थंडी वाजल्यासारखं वाटायचं. थानोस त्याची चामडी पेटी स्वतः उचलून चालत होता. सत्तावीस वर्षांचा हा मुलगा दोन वर्षांपासून काकाचा चिटणीस होता, आणि काकासारखा डावा हात पाठीमागे ठेवून चालायला शिकला होता. बापाच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही.

चर्चमध्ये उन्हाची तिरीप तांब्याच्या मोठ्या घंगाळावर पडली होती. बाजूच्या भिंतीला उद्याच्या निवडणुकीच्या पेट्या कापडाखाली झाकून ठेवल्या होत्या. रीतीप्रमाणे बाळाची आई घरीच थांबली होती. स्तामातिस पुढच्या रांगेत, बायको गारुफालियाच्या शेजारी उभा राहिला.

"तोंड नीट करा," गारुफालिया ओठ न हलवता म्हणाली. "बाप्तिस्मा आहे, मयत नाही."

"तुला माहीत होतं?"

"मला काल कळलं. सुनेच्या आईने सांगितलं, जशी काही मला बक्षीसच देत होती. मी म्हटलं, लेआंद्रोस तर लेआंद्रोस, पण मग पोराला त्याच्यासारखं नाजूक पोट नको म्हणजे झालं."

पाद्र्याने उघड्या बाळाला तेल चोळलं. बाळ आकांताने रडत होतं. पाद्र्याने लेआंद्रोसकडे वळून विचारलं, "नाव काय?"

थानोसने मान किंचित पुढे केली. पागोनाने डोळे मिटले.

"स्तामातिस," लेआंद्रोस म्हणाला.

चर्चमध्ये एक हलकी कुजबुज पसरली. थानोस लाल झाला. "काका," तो हळूच म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं," लेआंद्रोस म्हणाला आणि पाद्र्याला म्हणाला, "स्तामातिस. चालू द्या."

तीन वेळा बाळ पाण्यात बुडून वर आलं, आणि तीनही वेळा ते नाव घुमटात घुमलं. लोक वळून वळून स्तामातिसकडे बघत होते, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने हसायला हवं होतं, आणि तो हसलाही.  पण हे नाव त्याचं होतं, रीतीने, रक्ताने, जन्मापासून. आणि आता सगळं गाव असं बघत होतं, जणू ते लेआंद्रोसने खिशातून काढून त्याला दिलं.

घरी जेवणाला साठ माणसं होती. अख्खी कोकरं भाजली होती, मळ्यातली दारू वाहत होती. पागोना या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, आणि कालपासून तिची बाजू पार बदलली होती.

"मी म्हटलंच होतं, लेआंद्रोस रीत सोडणार नाही," ती सांगत होती. "माणूस केवढाही मोठा होऊ दे, मनाचा मोठेपणा वेगळाच."

"हो ना, वन्सं," गारुफालिया ताट ठेवत म्हणाली. "ज्याचं त्याला दिलं तरी लोक मोठेपणा म्हणतात. आमच्या ह्यांनी तीस वर्षं आपलं दुसऱ्याला दिलं, त्याला काय म्हणायचं हे अजून कुणाला सुचलेलं नाही."

लेआंद्रोसने ते ऐकलं. त्याने रुमालाने ओठ पुसले आणि भावाला म्हणाला, "दादा, जरा बाहेर येतोस?"

दोघे गच्चीवर आले. खाली बंदरात गलबतं बेदाण्याची वाट बघत उभी होती.

"थानोसवर रागावू नकोस," लेआंद्रोस म्हणाला. "त्याला वाटलं मी खूश होईन."

"झाला असतास की."

"झालो असतो," लेआंद्रोसने कबूल केलं. "एक रात्रभर विचार केला मी. मग वाटलं, तुझ्याकडून आधीच खूप घेतलंय. नाव तरी राहू दे."

स्तामातिसच्या जिभेवर आलं होतं : अरे, मी डोंगरात निरोप पाठवलाय, अजून दिवस आहे, लिआसला परत पाठवतो. त्याने तोंड उघडलंही. पण लेआंद्रोस आधी बोलला.

"एक मागणं आहे. उद्या तू वर कारियाच्या चर्चमध्ये पेट्यांपाशी बसू नकोस. दर वेळी बसतोस, मला माहीत आहे. पण ते दोन बातमीदार उद्या तिकडे जाणार आहेत. मी देशभर सांगत फिरलो की माणसाने एकट्याने, न भिता मत टाकावं. आणि माझ्याच गावात माझा भाऊ बाकावर बसून बघत असला, तर मी काय तोंड दाखवू? मत टाक आणि घरी ये. कुणाला काही सांगू नकोस. आजपासूनच."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"आणि पडलास तर?"

लेआंद्रोसने खांदे उडवले. "तर पडलो. तुझ्या दारात माणसं येतात, दादा. माझ्या दारात फक्त अर्ज येतात. पडलो तर निदान कळेल तरी, मी माणसांना हवा आहे का ते."

"ठीक आहे," स्तामातिस म्हणाला. "तू म्हणशील तसं."

लिआसला परत पाठवायचा प्रश्नच मिटला. भावानेच बंदी घातली होती. भावाचं ऐकणं इतकं सोपं आणि इतकं गोड त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं.

*

कानावोस मूळचे कारियाचे. अक्रोडाच्या झाडांत दडलेलं ते डोंगरातलं गाव. स्तामातिसचं नाव अजून तिथल्याच यादीत होतं. रविवारी सकाळी तो घोड्यावरून वर चढला. वाटेत माणसं भेटली, सगळी नमस्कार करत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो कुणाशी बोलला नाही.

चर्चच्या दारात रांग होती. तो दिसताच रांग दुभंगली. एक नवखा तरुण, बहुधा पात्राहून सुट्टीवर आलेला, मागच्यांना म्हणाला, "सरका, सरका, लेआंद्रोसचा भाऊ आलाय."

तीस वर्षं या गावात तो स्तामातिस होता. कुणाचा मुलगा नाही, कुणाचा भाऊ नाही. इथल्या कुठल्याही दारात तो गेला तरी आधी खुर्ची बाहेर यायची. लेआंद्रोस आला की म्हातारे विचारायचे, हा कोण, आणि त्यांना सांगावं लागायचं की स्तामातिसचा धाकटा भाऊ.

त्या तरुणाला कुणीही टोकलं नाही. कुणाला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती. पेटीच्या तोंडाला नळी. हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि शिशाची गोळी सोडायची. उजवा खण पांढरा, म्हणजे हवा. डावा खण काळा, म्हणजे नको. आतलं कापड इतकं जाड की गोळी कुठे पडली त्याचा आवाजही येत नसे. लेआंद्रोसच्या पेटीपाशी स्तामातिसने गोळी घेतली. नळीच्या आत त्याचं बोट थांबलं. एवढ्या वर्षांत आपण पहिल्यांदाच असे एकटे आहोत, असं त्याला वाटलं. मग मनगट डावीकडे वळलं. त्याने वळवलं की आपसूक वळलं, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही.

बाकाकडे न बघता तो बाहेर पडला आणि घरी आला.

सोमवारी सकाळी लिआस खळ्यावर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आले निवडून, धनी. डोंगर सगळा पांढरा. एकट्या कारियात दोनशे तेरातली दोनशे बारा."

स्तामातिसच्या हातातलं फावडं थांबलं. "तू निरोप काय दिलास?"

"तुम्ही सांगितला तोच. मनाला येईल तसं. लोक काय खूश झाले म्हणून सांगू. म्हणाले, धन्यांनी पहिल्यांदाच आपल्याला मोकळं सोडलं. आणि मोकळं सोडलं तर लेआंद्रोसलाच टाकणार की, दुसरं कुणाला? म्हातारा यानाकिस तर म्हणाला, आत्तापर्यंत टाकायचो तुमच्यासाठी, या वेळी टाकलं माझ्यासाठी." लिआसने थुंकून ते पायाने पुसलं. "फक्त ते एक काळं. कुणा हरामखोराचं, शोधतायत."

लिआस गेल्यावर स्तामातिस खळ्याच्या कडेला बसला. तीस वर्षं तो मानत आला होता की हा भाऊ आपण घडवला. नुसती बोटं सैल केली की खाली पडेल. बोटं सैल केली होती. आणि तो पडला नव्हता.

*

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना राजवाड्याची तार आली. थानोसने ती उभं राहून वाचली. लेआंद्रोसने ताबडतोब अथेन्सला येऊन सरकार बनवावं, असं त्यात होतं. पागोना रडायला लागली. गारुफालियाने क्रूसाची खूण केली आणि पेले भरले. लेआंद्रोसने तार वाचली, घडी करून ताटाखाली ठेवली, आणि पाणी मागितलं.

"संध्याकाळची आगबोट मिळेल," थानोस म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. शनिवारचा राग केव्हाच गेला होता. "आणि काका, कारियाचा तो माणूस सापडला बरं का. काळं टाकणारा."

"सापडला म्हणजे?"

"फानुरिस मोची. तुम्ही मंत्री असताना त्याने मुलाला लष्करातून सोडवायचा अर्ज केला होता, तुम्ही नामंजूर केलात. तेव्हापासून शिव्या देत फिरायचा. आता गावाने त्याला झऱ्यावर पाणी भरायची बंदी केलीय. दाराला डांबर फासलं. रविवारपर्यंत गाव सोड म्हणून सांगितलंय."

"बरं केलं," पागोना डोळे पुसत म्हणाली. "आपल्याच ताटात जेवून…"

"गप्प बस, पागोना." लेआंद्रोस उठून उभा राहिला होता. त्याचा आवाज चढला नव्हता. "थानोस, कागद आण. ज्या मतासाठी मी खुर्ची सोडली, ते मत माझ्या गावात एका माणसाने टाकलं तर त्याच्या दाराला डांबर? मी लिहितो. प्रत्येकाला…"

"लिहून काही होणार नाही," स्तामातिस म्हणाला. त्याने काटा ताटात ठेवला. "ते मत मोच्याचं नव्हतं. माझं होतं."

पागोनाच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. थानोस हसला, मग बापाचा चेहरा बघून थांबला. गारुफालिया मात्र नवऱ्याकडे अशी बघत होती जणू तिला हे निदान सोमवारपासून तरी माहीत होतं.

"बाबा, तुम्ही काय बोलताय?" थानोस म्हणाला. "ज्या माणसाने तुमचं नाव…"

"थांब, थानोस," लेआंद्रोस म्हणाला. तो हळूच खाली बसला. "दादा, तू हे सांगायला नको होतंस. कुणी कुणाला टाकलं हे विचारायचा अधिकार कुणालाही नाही. मलाही नाही."

"कायदा तुझ्यापाशी ठेव. माणसासारखं विचार मला."

लेआंद्रोसने ताटाखालच्या तारेचा कोपरा आत सरकवला. "का?" त्याने विचारलं.

स्तामातिसने मनात कितीदा हे भाषण केलं होतं. बापाचं मरण, मळे, तीनशे पोरं. आता त्यातलं एकही वाक्य सापडेना.

"चर्चच्या दारात एकाने मला वाट करून दिली," तो म्हणाला. "लेआंद्रोसचा भाऊ म्हणून. आणि बारा वर्षांपूर्वी ती माणसं आली होती ना, ती माझ्याकडे आली होती. मला उभं करायला. मी तुझं नाव सांगितलं."

"मला माहीत नव्हतं," लेआंद्रोस म्हणाला.

"तेच. तुला माहीतही नव्हतं. आणि निरोपही मी पाठवला होता, डोंगरात, मनाला येईल तसं टाका म्हणून. तू पडशील अशा हिशेबाने. गच्चीवर तू बोललास त्याच्या आधी." तो उठला. "आता मोच्याचं बघायला मीच जातो. तुझी चिठ्ठी ते चर्चमध्ये टांगतील आणि डांबर तसंच राहील. माझं ऐकतील."

"आगबोट पाचला आहे, दादा," लेआंद्रोस म्हणाला. त्यात विनवणी होती की नुसती माहिती, हे कळायला मार्ग नव्हता.

"माहीत आहे," स्तामातिस म्हणाला.

*

कारियाच्या चौकात अक्रोडाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. स्तामातिस घोड्यावरून न उतरताच बोलला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

"ते काळं मत माझं होतं. फानुरिसचं नाही. त्याला पाणी भरू द्या."

 मग म्हातारा यानाकिस काठी टेकत उठला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघा रे," तो बाकीच्यांना म्हणाला. "एका मोच्यासाठी स्वतःच्या डोक्यावर घेतलं. हा आपला धर्मबाप. उगाच नाही याचा भाऊ पंतप्रधान होणार."

"मी खरं सांगतोय," स्तामातिस म्हणाला.

"हो, हो, धनी," सगळे म्हणाले. कुणी हसलं, कुणी लगाम धरला, कुणी दारू आणायला धावलं. "तुम्ही सांगितलं ना, झालं. फानुरिसला कुणी हात लावणार नाही." आणखी दोनदा सांगितलं तसे ते आणखी गहिवरले. शेवटी त्याने घोडा वळवला आणि गल्लीच्या टोकाला गेला.

फानुरिस दुकानात एकटाच बसून एका बुटाचा तळ शिवत होता. उंबऱ्यात सावली पडली तरी त्याने मान वर केली नाही. डांबर दारावर वाळून फुगलं होतं, त्याला माश्या चिकटल्या होत्या.

"ऐकलंस?" स्तामातिसने विचारलं.

"ऐकलं."

"ते विश्वास ठेवत नाहीत."

"मी ठेवतो." फानुरिसने दोरा दातांनी तोडला. "मला माहीतच होतं की माझं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुणाचंतरी असणार."

स्तामातिस दाराशी असलेल्या स्टुलावर बसला. "तू पांढरं टाकलंस? एवढ्या शिव्या देऊन?"

"काळंच टाकायचं होतं मला. रात्रभर ठरवलं होतं. मुलगा अजून सरहद्दीवर आहे माझा." मोच्याने पहिल्यांदा वर बघितलं. "नळीत हात घातला आणि तुम्ही आठवलात. म्हटलं, धन्यांना कळेल. यांना सगळं कळतं. निरोप आला होता मनासारखं टाका म्हणून, पण मी काही एवढा खुळा नाही. म्हणून उजवीकडे टाकलं. बाकीच्यांनी टाकलं ते त्यांच्या मनाने टाकलं. तुम्ही तुमच्या भावाला मिळवून दिलेलं मत या गावात एकच आहे, माझं."

खाली, फार दूर, बंदरात आगबोटीने दोनदा शिट्टी दिली. स्तामातिसने तिकडे बघितलं नाही.  मग त्याने हात पुढे केला.

"चामडं तासायची सुरी दे."

"कशाला?"

"दे तर."

फानुरिसने सुरी दिली. स्तामातिसने कोट काढून स्टुलावर ठेवला, बाह्या वर सारल्या, आणि दाराच्या वरच्या कडेपासून डांबर खरवडायला लागला. चौकातली माणसं हळूहळू गल्लीत जमली. कुणी "धनी, आम्ही करतो" म्हणालं. तो खरवडतच राहिला. काम सावकाश होत होतं. खालची पट्टी निघेपर्यंत अंधार पडायला आला होता, आणि लाकडावर काळा डाग राहिलाच. तेव्हा फानुरिस आतून उठून आला, त्याच्या हातातून सुरी घेतली आणि म्हणाला, "पुरे झालं. बाकीचं मी करतो."